उघड्यावरच्या सायकलीचे पांघरूण

उघड्यावर ठेवलेल्या सायकलीचे नुकसान पाऊस पडत असताना जितके होते, त्याहून अधिक तो थांबल्यावर होते. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. चेनच्या कड्यांत, स्पोकच्या निपलांत, ब्रेकच्या तारांवरच्या नळीत जी ओल अडकते, ती वरून कोरडी दिसणाऱ्या सायकलीत पुढे कित्येक दिवस आपले काम करत राहते. त्यासाठी पाऊसच पडायला हवा असेही नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर धरतो आणि गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक वेळ ही आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढेच असते. त्यामुळे सायकलीचे कव्हर घेताना 'पाणी आत येत नाही ना' एवढेच पाहिले तर निवड हमखास चुकते. आतली ओल बाहेर कशी पडणार, हे त्याआधी पाहायला हवे.

लावणीच्या वेळी शेतात वापरले जाणारे इरले या बाबतीत चांगला नमुना आहे. वरून पडणारे पाणी ते ओघळवून लावते आणि खालून पूर्ण उघडे राहते, त्यामुळे आतल्या माणसाला घाम येत असला तरी तो कोंडत नाही. सायकलीचे कव्हर याच तत्त्वावर हवे. चारी बाजूंनी आवळून बांधलेली, तळापर्यंत बंद अशी प्लास्टिकची पिशवी दिसायला सुरक्षित असते, पण तिच्या आत रोज रात्री पाणी तयार होते. ३० अंश तापमानाच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, २५ अंशांना सुमारे २३ ग्रॅम. म्हणजे दिवसाची दमट हवा कव्हरमध्ये अडकली आणि पहाटेपर्यंत पारा पाच अंशांनी उतरला, की उरलेले बाष्प कव्हरच्या आतल्या बाजूवर आणि थंड पडलेल्या धातूवर थेंबांच्या रूपाने जमते. खाली ओली माती किंवा फरशी असेल तर तिचेही बाष्प वर चढून त्यात भर घालते. निरभ्र आकाशाखाली तर कव्हरचे कापड आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात, पाऊस केव्हाच संपलेला असताना, सकाळी कव्हर उचलले की सायकल दवाने ओलीचिंब सापडते.

कव्हर कसले घ्यावे हे ठरवण्याआधी सायकल कुठे उभी राहते ते पाहावे, कारण महाराष्ट्रातच हवामानाच्या तऱ्हा इतक्या वेगळ्या आहेत की एकच कव्हर सगळीकडे चालत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, पुणे शहरात त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका. पण किनाऱ्यावरचा खरा शत्रू मीठ आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण धातूवर बसतात. साधे मीठ ७५ टक्क्यांच्या आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि सायकलीवर खारट पाण्याचा थर तयार होतो. हे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंज जोमाने पसरतो. कव्हर मिठाला पुष्कळसे अडवते. मात्र मीठ बसलेली सायकल न धुता झाकली, तर ते मीठही ओलीसकट आत कोंडले जाते. देशावर पावसाच्या जोडीला धूळ आणि वारा असतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे पाण्याआधी उन्हाचाच विचार करावा लागतो, कारण अतिनील किरणांनी टायरला भेगा पडतात, सीटचे रेक्झिन तडकते आणि स्वस्त कव्हरचेही तुकडे पडतात.

कापडाच्या बाबतीत बाजारात चार-पाच प्रकार दिसतात. सगळ्यांत स्वस्त म्हणजे पॉलिइथिलीनची ताडपत्री, जी पावसाळ्याच्या तोंडावर निळ्या-पिवळ्या रंगांत जागोजागी टांगलेली असते. पाणी ती उत्तम अडवते, हवा मात्र अजिबात जाऊ देत नाही, आणि उन्हापासून संरक्षण देणारे द्रव्य मिसळलेले नसेल तर एका उन्हाळ्यातच तिचे धागे सुटू लागतात. काळी ताडपत्री उन्हात अधिक टिकते, कारण तिच्यातील कार्बनची काजळी अतिनील किरणे शोषून घेते. मात्र ती तापतेही जास्त. तंबूसारखी दोन्ही बाजूंनी उघडी बांधायची असेल तर ताडपत्रीला तोड नाही. सायकलीभोवती गुंडाळायला ती वाईट.

पीव्हीसीचा थर दिलेले जाड कापड जलरोधक आणि दणकट असते. पण हा थर मऊ राहतो तो त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उन्हाने ते द्रव्य हळूहळू निघून जाते, कापड कडक होते आणि नेमके घडीवर तडकते. सुती मेणकापडाची गोष्ट उलटी आहे. सुताचे धागे भिजले की फुगतात आणि विणीची छिद्रे आपोआप बंद होतात, कोरडे असताना तेच कापड हवा खेळू देते. सामान वाहणाऱ्या गाड्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले ते याच गुणामुळे. पण ते जड असते आणि ओले राहिले तर त्याला बुरशी लागते, त्यामुळे रोज काढघाल करायच्या सायकलीला ते गैरसोयीचे पडते.

सध्याच्या बहुतेक तयार कव्हरांचे कापड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असते आणि आतून पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, पातळ थर असतो. या दोन धाग्यांत निवड करायची तर उघड्यावरच्या वापराला पॉलिएस्टर घ्यावे. नायलॉन ओढाताणीला चिवट खरे, पण उन्हात ते लवकर कमजोर होते आणि भिजल्यावर सैलावते. पीयूच्या थराचा दोष वेगळा आहे: उष्ण आणि दमट हवेत त्याचे रासायनिक विघटन होते. कापड आतून चिकट होते, कुबट वास येऊ लागतो, पुढे पापुद्रे सुटतात. ओले कव्हर घडी घालून माळ्यावर टाकले तर हे फार लवकर घडते. चंदेरी रंगाच्या कव्हरांवर ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला लेप असतो. तो ऊन परावर्तित करतो, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात त्याचा खरा उपयोग आहे. मुंबईच्या जिन्याखाली तो केवळ शोभेला.

पाकिटावरचे आकडे वाचताना सावध राहावे. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. २१० डेनिअरचा धागा ९००० मीटर मोजला तर २१० ग्रॅम भरतो. आकडा मोठा तितका धागा जाड. साधारणपणे २१० ते ३०० डेनिअरचे कव्हर घडी घालून पिशवीत मावते. कायम एका जागी राहणाऱ्या सायकलीला ४२० किंवा ६०० डेनिअरचे बरे. '१९० टी' असे लिहिलेले असेल तर तो आकडा चौरस इंचातील उभ्या-आडव्या धाग्यांचा असतो. जाडीशी त्याचा थेट संबंध नाही, तरी तो डेनिअरपेक्षा ठळक छापलेला असतो. ताडपत्रीसाठी चौरस मीटरमागे वजन किती ग्रॅम हे विचारावे. ते तराजूवर पडताळता येते, त्यामुळे तिथे फसवणुकीला जागा कमी.

जलरोधकता मिलिमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला आणि किती उंचीला पाणी झिरपू लागले, ती ही उंची. १५०० मिलिमीटरचे कापड पावसाला पुरते, कारण कव्हरवर पाणी साचत नाही, ओघळून जाते. हँडलची टोके, सीट, ब्रेकच्या मुठी जिथे कापडाला आतून ताण देतात तिथे मात्र दाब आणि घासणे दोन्ही वाढतात. तिथे दुहेरी कापड असेल तर ते १५०० ऐवजी ३००० मिलिमीटरच्या दाव्यापेक्षा मोलाचे आहे. 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' या शब्दांना आकड्याची जोड नसेल तर त्यांना काहीच अर्थ नाही.

आणि कापड कितीही चांगले असले तरी पाणी शिरते ते शिवणीतून. सुईने पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पीयूच्या थराला पडलेले भोक. म्हणून शिवणीवर आतून गरम करून चिकटवलेली पट्टी आहे का, ते पाहावे. शिवणीची जागाही महत्त्वाची. सीटच्या बरोबर वरून, पाठीच्या कण्यासारखी लांबलचक शिवण गेलेली असेल तर सगळे पाणी तिच्यावरच येते. दोन्ही बाजूंना खाली उतरवलेल्या शिवणी अधिक चांगल्या. दोरा पॉलिएस्टरचा हवा. सुती दोरा कुजतो आणि कापड धड असताना कव्हर उसवते. दुकानात तपासण्याची सोपी रीत म्हणजे कव्हर उजेडासमोर धरून शिवणीकडे पाहणे: टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके ओळीने दिसले तर पट्टी नाही किंवा सुटलेली आहे. घरी कापडाला खळगा करून त्यात पेलाभर पाणी ओतावे आणि अर्ध्या तासाने खालून हात लावून बघावा.

मापाच्या बाबतीत पहिला घोटाळा मागणीतच होतो. 'बाइक कव्हर' मागितले की मोटरसायकलचे पुढे येते. ते सायकलीवर ढगळ बसते, घड्यांत पाणी साचते आणि वाऱ्यात फडफडून रंग खरवडते. सायकलीचे माप स्वतः घ्यावे: पुढच्या टायरपासून मागच्या टायरपर्यंत किंवा मडगार्डपर्यंतची लांबी, जमिनीपासून हँडलच्या किंवा सीटच्या सर्वांत उंच टोकापर्यंतची उंची, आणि हँडलची रुंदी. २८ इंची चाकांची जुन्या घडणीची काळी सायकल आणि २९ इंची माउंटन सायकल या दोघींनाही सुमारे दोन मीटर लांबीचे कव्हर लागते, पण माउंटन सायकलीचे हँडल ७५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि अरुंद कव्हर तिथेच अडते. कॅरिअर, टोपली किंवा लहान मुलाची सीट असेल तर ती धरून मापे घ्यावीत. कव्हरचा काठ जमिनीला टेकू नये. चाकाच्या आसाखाली येऊन जमिनीपासून वीतभर वर थांबला की शिंतोडेही अडतात आणि खालून हवाही खेळते. याखेरीज वरच्या बाजूला, दोन्हीकडे, झडपेखाली जाळी असलेली झरोक्याची जागा हवी: खालून शिरलेली हवा तिथून बाहेर पडते. एकाच बाजूला झरोका असला तर त्याचा उपयोग निम्म्यावर येतो.

वाऱ्यासाठी काठाला इलॅस्टिक आणि मधोमध, पोटाखालून जाणारा बकलचा पट्टा, दोन्ही असावेत. नुसते इलॅस्टिक पहिल्याच वादळात निसटते. कुलपाची साखळी घालण्यासाठी पुढच्या चाकापाशी रिंगा बसवलेल्या असतात. त्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. साध्या लोखंडी रिंगा स्वतःच गंजतात आणि भोवतालचे कापड खातात. साखळी चाकातून आणि फ्रेममधूनही जाईल अशा ठिकाणी रिंगा आहेत का, हे खरेदीआधी पाहावे.

मनासारखे तयार कव्हर मिळाले नाही तर शिवून घेणे अवघड नाही. गाड्यांच्या सीटचे रेक्झिनकाम करणारे कारागीर आणि ताडपत्रीची दुकाने असे काम करतात. त्यांना झरोके आणि शिवणीची जागा आधी समजावून सांगावी लागते, कारण त्यांची सवय घट्ट, हवाबंद शिवण्याची असते.

कव्हरइतकाच फरक जागेने पडतो. पागोळ्यांखाली सायकल उभी केली तर पावसापेक्षा जास्त पाणी एकाच रेषेत कव्हरवर आदळते. झड येते ती बाजू भिंतीकडे असावी. चाके विटेवर किंवा लाकडाच्या फळीवर ठेवली तर जमिनीची ओल कमी लागते. धुळीने माखलेली सायकल झाकली, तर वाऱ्याने हलणारे कव्हर पॉलिश कागदासारखे रंगावर घासत राहते. भिजून आलेली सायकल लगेच झाकू नये, निदान चेन पुसून तेलाचा थेंब द्यावा आणि पाणी निथळू द्यावे. पावसाने उघडीप दिली की कव्हर काढून दोन्ही बाजूंनी वाळवावे. धुवायचे तर साध्या साबणाच्या कोमट पाण्याने, हाताने; वॉशिंग मशीन आणि इस्त्री दोन्ही पीयूच्या थराला मारक. खंडेनवमीला सायकल धुऊन तिची पूजा होतेच, त्या दिवशी कव्हर उलटे करून शिवणी तपासल्या तर पावसाळ्याने काय केले ते कळते.

ॲल्युमिनियमची फ्रेम गंजत नाही म्हणून ती झाकायची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. ॲल्युमिनियमच्या नळीत पोलादी सीटदांडा असेल आणि ओल राहिली, तर दोन धातूंमधील विद्युत-रासायनिक क्रियेने दांडा आत जाम बसतो. कार्बन फायबरच्या फ्रेममधील राळेला ऊन सोसत नाही. चामड्याची सीट असेल तर मोठ्या कव्हरच्या आत तिला वेगळे छोटे कव्हर घालावे, कारण चामडे आतल्या दमटपणानेही सैल पडते. विजेच्या सायकलीची बॅटरी काढून घरात ठेवणेच योग्य. काढलेल्या जागी उघडे राहणारे जोड रबरी टोपणाने बंद करावेत. चार्जिंग चालू असताना कव्हर घालू नये.

आतून चिकट झालेला किंवा पापुद्रे सुटलेला पीयूचा थर दुरुस्त होत नाही. शिवणीची गळती मात्र तंबूंसाठी मिळणाऱ्या शिवण-लेपाने थांबते, आणि मांजरीच्या नखांनी पडलेली भोके त्याच कापडाचे ठिगळ दोन्ही बाजूंनी चिकटवून बुजतात. कापडच विरू लागले असेल, नखाने ओढल्यावर फाटत असेल, तर कव्हर बदलावे. टाकण्यापूर्वी त्याच्या रिंगा, बकल आणि पट्टे कापून ठेवावेत. शिवून घेतलेल्या नव्या कव्हरला ते बसवता येतात.