पोते, पाठ आणि स्नायू

आरंभीच सांगून टाकलेले बरे की, आम्ही डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. आमची शाळा आठवीनंतर सुटली. पुढचे सारे आयुष्य हमालांच्या टोळ्यांत आणि त्यांच्या युनियनच्या कामात गेले. शरीरशास्त्राची पुस्तके हाती घेतली ती हौसेने नव्हे, तर एका अर्जापायी. आमच्या एका सोबत्याने पोते उचलले, कमरेत कळ आली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची मांडी नि पोटरी ठणकू लागली. ज्या कारखान्यात तो काम करीत होता त्याच्या कचेरीने भरपाईच्या अर्जावर शेरा मारला की, पायावर काहीही पडलेले नाही, सबब हा अपघात नव्हे. तो शेरा चुकीचा आहे हे आम्हांस कळत होते. का चुकीचा आहे हे मात्र सांगता येत नव्हते. ते सांगता यावे म्हणून आम्ही वाचू लागलो.

माणसाच्या अंगात हाडे २०६ आणि त्यांना हलविणारे स्नायू सहाशेंहून अधिक. आपल्याकडे सुश्रुताने पाचशे पेशी मोजल्या होत्या. शव पाण्यात कुजवून, थर सोडवीत पाहणाऱ्या त्या काळच्या माणसाने इतक्या जवळचा आकडा सांगावा ह्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. युरोपात १५४३ साली वेसेलियसने स्नायूंची चित्रे छापली, तेव्हा कोठला स्नायू कोठून निघतो आणि कोठे जाऊन चिकटतो हे सर्वांना डोळ्यांनी पाहता आले.

ह्या विषयात ध्यानात धरण्यासारखी गोष्ट एकच आहे: स्नायू फक्त ओढतो. तो कधीही ढकलीत नाही. आपण भिंत ढकलतो तेव्हाही कोठला तरी स्नायू आखडून हाडाला ओढीतच असतो. पडताळा घ्यावयाचा असेल तर आता बसल्या जागी घ्या. उजवा तळहात मेजाखाली लावून वर रेटा आणि डाव्या हाताने दंड चाचपा; पुढची बाजू टणक लागेल. आता तोच तळहात मेजावर ठेवून खाली दाबा. पुढची बाजू सैल पडेल आणि दंडाची मागची बाजू टणक होईल. पुढचा स्नायू कोपर मिटतो, मागचा उघडतो. अंगातल्या बहुतेक साऱ्या सांध्यांवर अशी जोडी आहे, एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने सोडायचे.

तालमीतली मुले ज्याला बेटकुळी म्हणतात तो हा पुढचा स्नायू. त्याला वर दोन तोंडे आहेत आणि दोन्ही खांद्याच्या पात्याला बांधलेली आहेत. खाली त्याची दोरी कोपर ओलांडून पुढच्या हातातील अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिकटते. चिकटते कोठे? कोपरापासून जेमतेम दोन-अडीच इंचांवर, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटरवर. तळहात तर कोपरापासून पस्तीस सेंटिमीटर दूर. दाराची कडी बिजागरीजवळ बसवावी तसा हा प्रकार झाला. कोपर काटकोनात ठेवून हातात दहा किलोची पिशवी धरली, तर हिशेबाने स्नायूंना पस्तीस भागिले पाच, म्हणजे सातपट, सत्तर किलोंचा ओढा द्यावा लागतो. भाजीची पिशवी आणताना आपण हे मनातही आणीत नाही.

निसर्गाने असा घाट्याचा व्यवहार का केला असेल? कारण दुसऱ्या बाजूने नफा आहे. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात सात सेंटिमीटर सरकतो. दगड भिरकावणे, विळा मारणे, पळणे, घास तोंडाशी नेणे, ही सारी चपळाई ह्या जवळच्या बांधणीतून मिळाली आहे. जोर गमावला आणि वेग कमावला. इटलीतील बोरेली नावाच्या गणिती पंडिताने हा हिशेब मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० साली बाहेर आला. स्नायू थोड्या बळाने मोठे ओझे हलवितात ही जुनी समजूत त्याने उलटी करून दाखविली. गड्यांच्या दंडांविषयी इतका महत्त्वाचा शोध दुसरा नसेल, पण तो गड्यांपर्यंत काही पोचला नाही.

आता पोते उचलणाऱ्या माणसाकडे वळू. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला बांधलेला. त्याखालचा नडगीच्या हाडांना. दोघांची मिळून एक जाड दोरी होते आणि टाचेच्या हाडाला चिकटते. ती टाच उचलते. मांडीच्या पुढचा स्नायू चार तोंडांचा. त्याचे एक तोंड कमरेच्या हाडावर आणि तीन मांडीच्या हाडावर. चौघांची दोरी गुडघ्याच्या वाटीला कवेत घेऊन नडगीच्या माथ्यावर बसते. बैठका मारून भरतो तो हाच, कारण मुडपलेला गुडघा सरळ करण्याचे काम त्याचे. मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात आणि गुडघा मुडपतात. आणि वाकलेले धड खुब्यावर सरळ उभे करणारा अंगातला सर्वांत दांडगा स्नायू म्हणजे नितंबाचा. तो कमरेच्या व माकडहाडाच्या मागच्या बाजूने निघतो आणि मांडीच्या हाडाला व मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याला मिळतो. जिना चढताना मागे हात लावून पाहा, तो कामावर असलेला कळेल.

उरली पाठ. कण्याच्या दोन्ही बाजूंना माकडहाडाच्या वरच्या हाडापासून थेट कवटीपर्यंत स्नायूंच्या लांब वाद्या गेल्या आहेत. मधल्या वाटेवर त्या बरगड्यांना आणि मणक्यांना जागोजाग बांधलेल्या आहेत. कणा ताठ ठेवणे हे त्यांचे काम. मणक्याच्या मध्यापासून ह्या वाद्या साधारण पाच सेंटिमीटर मागे असतात. कोपराचीच गोष्ट येथे पुन्हा घडते, पण फार महाग पडते. पन्नास किलोची गोणी हातांत धरून माणूस पुढे वाकलेला आहे आणि गोणी कमरेच्या मणक्यापासून चाळीस सेंटिमीटर पुढे आहे असे धरा. चाळीस भागिले पाच म्हणजे आठपट. पाठीच्या वाद्यांना चारशे किलोंचा ओढा द्यावा लागतो. त्यात वाकलेल्या धडाचे, डोक्याचे आणि हातांचे स्वतःचे वजन पेलण्याचा ओढा निराळा. तो धरला तर बेरीज पाचशेच्या पुढे जाते. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा अचूक आहे. तीच गोणी पोटाशी, वीस सेंटिमीटरवर घेतली की चारशेचे दोनशे होतात. गोणी तीच आणि माणूसही तोच.

स्नायू ओढतो म्हणजे दोन हाडे एकमेकांकडे खेचतो. पाठीच्या वाद्या चारशे किलोंनी ओढू लागल्या की मधले मणके तितक्याच जोराने एकमेकांवर दाबले जातात. दोन मणक्यांमध्ये गादी असते. स्वीडनच्या नाकेमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या ह्या गादीत सुई घालून दाब मोजला; उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून ओझे धरताना तो कितीतरी वाढलेला आढळला. वर्षानुवर्षे असा दाब सोसून गादी चिरते, मागे फुगते आणि तेथून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूला चेपते. तंतू चेपला कमरेत, दुखते पोटरी. आमच्या सोबत्याचे हेच झाले होते. आम्ही वहीतल्या कागदावर मणक्याचे चित्र काढून कचेरीत नेले. भरपाई मिळाली नाही हे सांगावयास हवे. त्याला वजनकाट्यावरचे हलके काम तेवढे मिळाले.

माथाडी ह्या शब्दातच माथा आहे. ओझे डोक्यावर घेण्यात शहाणपण आहे, कारण डोक्यावरचे वजन सरळ कण्यावरून खाली उतरते आणि पाठीच्या वाद्यांना आठपट ओढावे लागत नाही. मात्र त्याची किंमत मानेचे मणके देतात. आणि गोणी डोक्यापर्यंत चढविताना व थप्पीवर उतरविताना जे दोन-चार क्षण जातात, त्यांत तर सगळा भार पाठीवर असतोच. म्हणूनच जुन्या टोळ्यांत गोणी एकट्याने उचलीत नाहीत, दोघे दोन कोपरे धरून तिसऱ्याच्या डोक्यावर देतात. हे ज्ञान बोरेलीच्या पुस्तकातून आलेले नाही.

कारखान्यांच्या भिंतींवर एक चित्र लावलेले असते. कमरेत वाकू नका, गुडघे मुडपून उचला, असे त्यात सांगितलेले. सल्ला वाईट नाही. गुडघ्यांतून उठले की मांडीचे आणि नितंबाचे दांडगे स्नायू कामाला लागतात. पण फुगीर गोणी दोन गुडघ्यांच्या मध्ये मावत नाही, ती गुडघ्यांच्या पुढेच राहते, आणि मग अंतर होते तेवढेच राहते. चित्र लावणाऱ्याने गोणी बहुधा उचललेली नसावी. खरा उपाय गोणीच्या वजनात आणि ती ज्या उंचीवर ठेवली आहे त्यात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमात इजा होईल इतके ओझे उचलावयास लावू नये असे लिहिले गेले. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाने पंचावन्न किलोंपेक्षा अधिक वाहू नये अशी शिफारस केली. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा महाराष्ट्राला मिळाला. तरीही शंभर किलोची गोणी पुढे अनेक वर्षे बाजारात राहिली. आमच्या पाठीने ती वाहिली आहे. पन्नास किलोची गोणी आली तेव्हा काही व्यापारी म्हणाले, आता वाराई दुप्पट मोजावी लागेल. मणक्यांचा हिशेब त्यांच्या वहीत नव्हता.

ऐरोलीच्या सभेत बसलेल्या पुष्कळांना वाटत असेल की, हा विषय वाशीच्या बाजाराचा, आपला नव्हे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जेथे धुराडी होती तेथे आता काचेच्या इमारती झाल्या आणि तेथली मुले पोती उचलीत नाहीत हे खरे. परंतु माणसाचे डोके सुमारे पाच किलोंचे असते. ते पडद्याकडे पुढे झुकले की मानेच्या मागचे स्नायू त्याला दिवसभर मागून ओढून धरतात. कवटीच्या मागून आणि मानेच्या-पाठीच्या मणक्यांवरून निघून खांद्याच्या पात्याला नि गळ्याखालच्या आडव्या हाडाला बांधलेला एक रुंद स्नायू आहे. संध्याकाळी खांदा आणि मान ह्यांच्या मध्ये जो दगड झाल्यासारखा लागतो, तो त्याचाच वरचा भाग. तेथेही अंतरच दुखवते. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आला की डोके कण्यावर परत बसते.

गोणीचेही तसेच आहे. गोदामाचा ओटा ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा असला की गोणी जमिनीवरून उचलावीच लागत नाही, ती सरकवता येते. एका टोळीच्या मुकादमाने मध्यंतरी आम्हांस विचारले की, मागणीपत्रात मजुरीच्या खाली ओट्याची उंची लिहिली तर मालक हसतील काय? आम्ही म्हटले, हसू द्या, पण आकडा सेंटिमीटरमध्ये लिहा. दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन फाळका मोजावयास गेला.