रांजणाच्या काठावरचा पाहुणा

"जन्मभर डास चावत आले, मग याच मेल्यानं मला का पाडलं रे?"

२००६ सालच्या चिकुनगुन्याच्या साथीत आमच्या आईने हे विचारले तेव्हा ती हसनाबादच्या घरी, ओसरीवर गुडघे धरून बसली होती. ताप चार दिवसांत उतरला. सांधे मात्र वर्षभर आखडलेले राहिले. मी पडलो मराठीचा मास्तर! उत्तर सुचेना. पुढे वाचत गेलो.

वाचकहो, प्रत्येक डास हा रोग वाहत नाही. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स चिकुनगुन्याच्या कामाचा नव्हे. तो पसरवते दिवसा चावणाऱ्या, पट्टेरी पायांच्या एडिसची मादी. तिच्या देहातही विषाणूची वाट सोपी नसते. रक्ताबरोबर पोटात गेल्यावर त्याला आतड्याची भिंत ओलांडावी लागते, डासाची प्रतिकारशक्ती चुकवावी लागते आणि शेवटी लाळग्रंथी गाठाव्या लागतात. या प्रवासाला काही दिवस लागतात. हवा उबदार असली तर कमी. तोवर मादी जगली, तरच तिचा चावा बाधतो.

'दिन' आणि 'दीन' यांत फरक तो केवळ वेलांटीचा! विषाणूचेही तसेच. २००७ साली केरळात आढळलेल्या चिकुनगुन्याच्या विषाणूत प्रथिनाचा एकच घटक बदललेला होता. तेवढ्यानेच एडिसच्या 'अल्बोपिक्टस' या दुसऱ्या जातीत तो सहज वाढू लागला. उलट, डासाच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू असला, तर विषाणूची वाढ खुंटते. असे डास पुद्दुचेरीच्या संशोधन केंद्राने तयार केल्याचे २०२२ साली जाहीर झाले.

आपल्याकडे १९७३ साली बार्शीत ही साथ आली, मग तीसएक वर्षे जणू लोपली आणि पुन्हा परतली. तेव्हा गाफील राहून कसे चालेल?

पण आई रांजण रिकामा करू देईना. "आठ दिवसांनी नळ येतो, पाणी ओतून देऊ?" तिचेही खरेच होते. एडिसची अंडी पाण्यालगत भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून आम्ही तोड काढली: पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळायचे, रांजण आतून काथ्याने खसखसून घासायचा, पाणी परत भरायचे, वर घट्ट कापड बांधायचे.

आता मी घरी गेलो की आईच बजावते, "घराची साफसफाई दिवाळीला, रांजणाची दर आठवड्याला!"