खिंडींचा मुलूख: लडाख

लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड. झोजीला, खारदुंगला, फोतूला या नावांतच ती आहे. आपण 'झोजीला खिंड' म्हणतो तेव्हा खिंड दोनदा म्हणतो. 'लडाख' या नावाचा अर्थही 'खिंडींचा मुलूख' असाच सांगितला जातो. खिंड म्हणजे डोंगराने दिलेली वाट. नाणेघाटातला, जकातीचा समजला जाणारा दगडी रांजण पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. तरीही लडाखविषयी लिहिताना आपल्या लेखणीतून पहिला शब्द उतरतो तो 'दुर्गम'. हा शब्द लडाखला भूगोलाने दिला की इतिहासाने, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी भूगोल पाहू. दक्षिणेकडून निघाले तर हिमालयाची मुख्य रांग, मग झांस्कर, मग लडाख आणि शेवटी काराकोरम, अशा चार रांगा वायव्येकडून आग्नेयेकडे साधारण समांतर गेल्या आहेत. त्यांच्यामधून सिंधू, श्योक, नुब्रा, झांस्कर, सुरू या नद्या वाट काढतात. मोसमी ढग हिमालयापलीकडे फारसे पोचत नाहीत. त्यामुळे सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. महाबळेश्वरी आषाढातल्या एका दिवसात याहून अधिक पडू शकते. शेती होते ती वितळत्या बर्फावर. ओढ्याचे पाणी पाटाने वळवायचे, सातू आणि गहू पिकवायचा, आणि कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचे हे ठरवायला गावाने 'चुरपोन' नेमायचा, ही तिथली जुनी रीत.

अशी शेती पोट भरते, राजवाडे बांधत नाही. तरीही सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने लेहमध्ये नऊ मजली राजवाडा उभारला. त्यामागचे बळ शेतीपेक्षा वाटांचे होते. चांगथांगच्या पठारावर चांगपा पशुपालक शेळ्या राखत. कडाक्याच्या थंडीत त्या शेळ्यांच्या अंगावर येणारी तलम लोकर, म्हणजे पश्मीना, लेहमार्गे श्रीनगरच्या मागांवर जाई. १६८४च्या तिंगमोसगांग तहाने पश्चिम तिबेटच्या या लोकरीचा व्यापार लडाखकडे बांधून दिला; दर तीन वर्षांनी लेहहून ल्हासाला 'लोपचाक' तांडा जाण्याची आणि उलट दिशेने ल्हासाहून चहाचा तांडा येण्याची प्रथाही त्याच तहातली. उत्तरेची वाट सासेरला आणि सुमारे ५,५०० मीटरवरची काराकोरम खिंड ओलांडून यारकंदला पोचे. ती इतकी जीवघेणी होती, की मेलेल्या जनावरांची हाडेच रस्ता दाखवत. पण ती चालू होती. लेहच्या बाजारात यारकंदी, काश्मिरी, तिबेटी आणि होशियारपूरचे पंजाबी व्यापारी एकत्र भेटत.

सत्ता बदलल्या, तरी या वाटा टिकल्या. १८३४ मध्ये जम्मूच्या गुलाबसिंहाचा सेनापती जोरावरसिंह लडाखमध्ये उतरला. १८४१ मध्ये तो तिबेटवर चालून गेला आणि तिथेच मारला गेला. पुढच्याच वर्षी झालेल्या करारात मात्र जुन्या सीमा आणि जुना व्यापार दोन्ही कायम राहिले. डोग्रा राजवटीत लेह, कारगिल आणि स्कर्दू या तीन तहसिलींची मिळून एक वजारत होती. तिचा कारभार उन्हाळ्यात लेहहून, हिवाळ्यात स्कर्दूहून चाले.

मग अवघ्या पंधरा वर्षांत सारे फिरले. ऑगस्ट १९४८ मध्ये स्कर्दू पाकिस्तानच्या हाती गेले आणि बाल्टिस्तान तुटले. त्याच वर्षी मे महिन्यात सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने तातडीने तयार करवून घेतलेल्या धावपट्टीवर एअर कमोडोर मेहरसिंग यांनी डाकोटा उतरवले. नोव्हेंबरात झोजीलावर रणगाडे चढवून श्रीनगरचा रस्ता मोकळा केला गेला. लेह वाचले, वाटा वाचल्या नाहीत. १९४९ मध्ये चीनमधील सत्तांतरानंतर यारकंदचा व्यापार थांबला. पुढे तिबेटची वाट आटली आणि १९६२च्या युद्धाने ती पूर्ण मिटली. चौरस्ता होता, त्याची गल्ली झाली, आणि तिचे तोंड फक्त दक्षिणेकडे उघडे राहिले.

यानंतर लडाखमध्ये रस्ते वाढले, हे खरेच. पण ते मुख्यतः लष्करासाठी आणि सीमेपाशी थांबणारे. १९७१च्या युद्धात तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही बाल्टी गावे भारतात आली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे भाऊ, मुले, नवरे ताबारेषेपलीकडे राहिले. पलीकडचे गाव नदीकाठाने चालत गाठता येईल इतके जवळ, आणि तरी त्यांच्यासाठी सर्वांत दुर्गम.

२०१९ मध्ये लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश झाला. त्यानंतरच्या काळात जमीन, नोकऱ्या आणि स्वतःच्या कारभाराचे हक्क यांसाठी लेह आणि कारगिल, म्हणजे बौद्धबहुल आणि मुस्लिमबहुल असे दोन्ही जिल्हे, एकत्र मागणी करत आहेत. 'दुर्गम' शब्दाचा धोका इथे कळतो. दुर्गम म्हटले की त्या प्रदेशाला स्वतःचे मत, स्वतःचा व्यवहार असतो हे विसरणे सोपे जाते. उरते ती एक चौकी, नाहीतर आपल्या सहलीचे ठिकाण. लडाखच्या वाटा डोंगरांनी बंद केलेल्या नाहीत. डोंगर होते तेव्हाही त्या चालू होत्या.