जगांत एकशेंसाठावी

शाळेच्या परीक्षेंत एखाद्या मुलीचा क्रमांक एकशेंसाठावा आला, तर ती गोष्ट घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. पण सबंध पृथ्वी हाच ज्यांचा वर्ग आहे, त्यांच्या बाबतींत याच आंकड्याचा अर्थ काय समजावयाचा? २०२० सालच्या मार्च महिन्यांत अंकिता रैना ही भारतीय खेळाडू स्त्रियांच्या एकेरी टेनिसच्या जागतिक क्रमवारींत १६०व्या स्थानीं पोंचली. हजारों व्यावसायिक खेळाडूंमध्यें तिच्या पुढें अवघ्या १५९ स्त्रिया होत्या. तरीही मेलबर्न, पॅरिस, विंबल्डन आणि न्यूयॉर्क येथील चार महास्पर्धांपैकीं एकीच्याही एकेरीच्या मुख्य भागांत २०२४ सालाच्या अखेरपर्यंत तिला पाऊल टाकतां आलें नाहीं. असें कां व्हावें, याचें उत्तर तिच्या खेळांत जितकें आहे, तितकेंच ज्या शिडीवर ती इतकीं वर्षें चढत राहिली त्या शिडीच्या रचनेंतही आहे.

अंकितेचा जन्म १९९३ सालीं अहमदाबादेस, एका काश्मिरी कुटुंबांत झाला. चौथ्या-पांचव्या वर्षींच तिच्या हातांत रॅकेट आली. अहमदाबादेंत जेवढें शिकण्यासारखें होतें तेवढें शिकून झाल्यावर, वयाच्या चौदाव्या वर्षीं, ती पुण्यास आली आणि पी. वाय. सी. हिंदु जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्या हाताखालीं तिचें पुढील शिक्षण सुरू झालें. मुलीच्या खेळापायीं बिऱ्हाड एका शहरांतून दुसऱ्या शहरांत हलविणें ही मध्यमवर्गीय घरांत साधी गोष्ट नव्हे. नोकरीच्या बदलीमुळें घरें हलतात, मुलाच्या कॉलेजासाठीं क्वचित् हलतात. टेनिससाठीं हलणारें घर विरळाच. पुणें हें तेव्हांपासून तिचें खेळाचें माहेर झालें.

येथें एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. १९३४ सालीं मुंबईच्या लीला राव यांनीं विंबल्डनच्या मुख्य स्पर्धेंत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांच्या मातोश्री म्हणजे संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव. त्याही टेनिस खेळत. त्या काळीं हा खेळ हौशी होता. बक्षिसाच्या रकमा नव्हत्या, तसेंच आठवड्यागणिक बदलणारे क्रमांकही नव्हते. सवड आणि पैसा असलेल्या घरांतील मुलीस बोटीनें इंग्लंड गाठतां येई. १९६८ सालीं महास्पर्धांचे दरवाजे व्यावसायिकांना उघडले, १९७३ सालीं बिली जीन किंग यांच्या पुढाकारानें महिला टेनिस संघटना स्थापन झाली आणि १९७५ पासून गणकयंत्रावर क्रमवारी निघूं लागली. हा बदल न्यायाचाच होता. कुणाची ओळख आहे याला महत्त्व न उरतां कुणी किती सामने जिंकले याला महत्त्व आलें. परंतु न्यायाचीही एक किंमत असते, आणि ती शिडीच्या मधल्या पायऱ्यांवर उभ्या असणाऱ्यांना मोजावी लागते.

क्रमवारी म्हणजे मागील बावन्न आठवड्यांत मिळविलेल्या गुणांची बेरीज. बावन्न आठवडे उलटले कीं जुने गुण गळून पडतात. गेल्या वर्षीं जिंकलेली स्पर्धा यंदा पुन्हां जिंकली, तर खेळाडू जेथल्या तेथें राहते. हरली, किंवा दुखापतीनें घरीं बसली, तर खालीं घसरते. सावकाराचें व्याज जसें झोपेंतही चढत असतें, तसा हा प्रकार आहे.

महास्पर्धेच्या मुख्य भागांत १२८ जागा असतात. त्यांतील १०४ जागा सुमारें सहा आठवडे आधींच्या क्रमवारीवरून सरळ भरल्या जातात. आठ जागा यजमानांच्या मर्जीच्या. त्या बहुधा त्यांच्याच देशांतील मुलींना मिळतात. उरलेल्या सोळा जागांसाठीं निराळी पात्रता-स्पर्धा होते. तिच्यांत आणखी १२८ जणी उतरतात आणि ओळीनें तीन सामने जिंकणारीलाच आंत प्रवेश मिळतो. विंबल्डनची पात्रता-स्पर्धा तर विंबल्डनच्या हिरवळीवर होतही नाहीं. ती कांहीं मैल दूर रोहॅम्प्टन येथें होते. वर्तमानपत्रांचे वार्ताहर तिकडे फारसे फिरकत नाहींत.

मग १६०व्या क्रमांकाच्या खेळाडूनें वर कसें चढावें? थोडा हिशोब मांडून पाहिला कीं अडचण ध्यानांत येते. २०१८-१९च्या सुमारास पहिल्या शंभरांत टिकण्यास सहाशें ते सातशें गुण लागत. पंचवीस हजार डॉलर एकूण बक्षिसाची स्पर्धा जिंकणारीस पन्नास गुण मिळत, आणि वर्षांतील उत्तम सोळा स्पर्धांचेच गुण हिशोबांत धरीत. एका विजेतेपदासाठीं पांच सामने जिंकावे लागतात. म्हणजे चौदा स्पर्धा, सत्तर सामने जिंकावेत, तेव्हां कोठें सातशें गुण पदरांत पडणार! हें कोणाच्याच हातून होण्यासारखें नाहीं. याहून अधिक गुण मोठ्या स्पर्धांत मिळतात. पण मोठ्या स्पर्धांत शिरावयास आधीं गुण हवेत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं, अशांतला हा पेंच आहे.

पैशाची बाजू याहून कठीण आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानें २०१३ सालच्या आंकड्यांवरून एक पाहणी केली होती. तींत असें आढळलें कीं, स्त्री खेळाडूला वर्षभर खेळण्यास, शिक्षकाचा खर्च न धरतां, सरासरी ४०,१८० डॉलर लागतात. आणि बक्षिसांतून हा खर्च जेमतेम भरून निघतो तो २५३व्या क्रमांकाच्या आसपास. शिक्षक बरोबर घेऊन हिंडावयाचें म्हटलें तर ही रेषा आणखी बरीच वर सरकते. सर्वांत लहान, पंधरा हजार डॉलरांच्या स्पर्धेंत पहिल्याच सामन्यांत हरणारीच्या हातीं शंभर-दीडशें डॉलर पडतात. तेवढ्यांत गांवोगांवच्या खोलीचें भाडेंही सुटत नाहीं. उलट २०२१च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेंत एकेरीच्या मुख्य भागांत नुसता पहिला सामना खेळून हरणारीस एक लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. पंचवीस हजारांची स्पर्धा जिंकणारीच्या वाट्यास सुमारें चार हजार अमेरिकन डॉलर येत. तेव्हां मोठ्या ठिकाणचा एक पराभव हा लहान ठिकाणच्या जवळजवळ वीस विजेतेपदांच्या तोलाचा ठरतो.

भारतीय मुलीच्या बाबतींत यांत आणखी भर पडते. या लहान स्पर्धा तुर्कस्तानांत अंटाल्यास किंवा ट्युनिशियांत मोनास्तिरला आठवड्यांमागून आठवडे चालतात. युरोपांतील मुलगी तेथें स्वस्तांत जाऊन येते. भारतांतून जाणारीस मात्र लांबचें भाडें, परवान्यांची यातायात आणि महिना-महिना घरापासून दूर राहणें, हें सर्व सोसावें लागतें. गुजरात सरकारच्या शक्तिदूत योजनेचें साहाय्य आणि तेल व नैसर्गिक वायु महामंडळांतील नोकरी हे अंकितेच्या पाठीशीं नसते, तर तिच्या कारकीर्दीची कथा बरीच आधीं संपली असती, असें मानण्यास जागा आहे.

या वाटेवर तिचा वेग सावकाश राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्यें मुंबईस, ब्रेबोर्न स्टेडियम ज्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें आहे तेथील टेनिसच्या मैदानांवर, एक मोठी स्पर्धा झाली. तींत ती उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेली. फेब्रुवारी २०१८ मध्यें दिल्लीस फेड चषकाच्या सामन्यांत तिनें कझाकस्तानच्या युलिया पुतिन्त्सेव्हाला हरविलें. पुतिन्त्सेव्हा त्या वेळीं जगांतील पहिल्या शंभरांत होती. पुढच्याच महिन्यांत ग्वाल्हेरची स्पर्धा तिनें जिंकली आणि एप्रिलमध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, ती प्रथमच पहिल्या दोनशेंत आली. निरुपमा वैद्यनाथन आणि सानिया मिर्झा यांच्यासारख्या चारच भारतीय स्त्रिया तिच्यापूर्वीं तेथवर गेल्या होत्या. त्याच वर्षीं पालेंबांग येथें आशियाई क्रीडांमध्यें तिला एकेरीचें कांस्यपदक मिळालें. २०१९च्या जानेवारींत सिंगापुरास अंतिम सामन्यांत तिनें अरांचा रुस या डच खेळाडूचा पराभव केला, तर एप्रिलमध्यें चीनमधील आनिंग येथें समांथा स्टोसर हिला हरविलें. स्टोसर ही २०११ सालची अमेरिकन विजेती. एका दिवशीं अशा खेळाडूला हरवितां येणें आणि वर्षभर अशांना हरवीत राहणें, यांतील अंतर म्हणजेच शंभरावा आणि दोनशेंवा यांतील अंतर होय.

आणि मग आला मार्च २०२०. १६०वा क्रमांक हातीं आला त्याच आठवड्यांत ती दुबईस फेड चषक खेळत होती. इंडोनेशियाविरुद्धच्या लढतींत ऋतुजा भोसले पहिला सामना हरली; अंकितेनें दुसरा जिंकला आणि मग सानियेबरोबर दुहेरीचाही जिंकला. भारतीय संघास त्या स्पर्धेच्या जागतिक निवड-फेरींत प्रथमच स्थान मिळालें. यानंतर कांहीं दिवसांतच करोनाच्या सांथीमुळें सगळ्या जगांतील टेनिस बंद पडलें, तें ऑगस्टपर्यंत. चढती कमान ऐन भरांत असतांना पायाखालची शिडीच कोणी काढून घ्यावी, तसें झालें. अर्थात् ही आपत्ति सर्वांवरच आली होती. पण ज्यांच्या गांठीं लाखों डॉलर होते त्यांचें आणि ज्यांच्या गांठीं पुढच्या तिकिटापुरतेच होते त्यांचें नुकसान सारखें मानतां येत नाहीं.

खेळ पुन्हां सुरू झाल्यावर जानेवारी २०२१ मध्यें ऑस्ट्रेलियन स्पर्धेची पात्रता-स्पर्धा, सांथीच्या निर्बंधांमुळें, दुबईस घेण्यांत आली. अंकितेनें दोन सामने जिंकले. मुख्य भाग आणि ती यांच्यामध्यें आतां एकच सामना उरला होता. तिसऱ्या सामन्यांत सर्बियाच्या ओल्गा दानिलोविचनें पहिला डाव ६-२ जिंकला, दुसरा अंकितेनें ६-३ असा खेंचून घेतला, आणि तिसरा ६-१ गमावला. तथापि अखेरच्या फेरींत हरलेल्या कांहीं जणींना राखीव म्हणून मेलबर्नला नेण्यांत आलें. कोणी आजारी पडलें तर त्यांची वर्णी लागावयाची होती. चौदा दिवसांचा विलगवास भोगून अंकिता तेथें वाट पाहत राहिली. दुसऱ्याच्या दुर्दैवावर डोळा ठेवून बसण्याची ही स्थिति मोठी विचित्र खरी, पण नियमांत ती बसते आणि कोणी तिला वाईट मानीत नाहीं. एकेरीची जागा रिकामी झाली नाहीं.

मात्र दुहेरीची झाली. रुमानियाची मिहाएला बुझार्नेस्कू हिच्या जोडीनें तिला दुहेरीच्या मुख्य भागांत प्रवेश मिळाला. सामना त्या दोघी हरल्या. पण परत न येतां अंकिता मेलबर्नमध्येंच राहिली आणि लगेचच्या फिलिप आयलंड करंडक स्पर्धेंत रशियाच्या कामिला राखिमोव्हाबरोबर उतरली. अंतिम सामन्यांत अॅना ब्लिंकोव्हा आणि अनास्तासिया पोतापोव्हा यांना त्यांनीं २-६, ६-४, १०-७ असें हरविलें. महिला टेनिस संघटनेच्या मुख्य दौऱ्यावरील तिचें हें पहिलें विजेतेपद. त्याचे २८० गुण होते. पंचवीस हजारांच्या पांच विजेतेपदांहूनही अधिक गुण एका आठवड्यांत हातीं आले आणि दुहेरींत ती पहिल्या शंभरांत गेली. एकेरींत जें दार वर्षानुवर्षें ठोठावून उघडलें नाहीं, तें शेजारच्या खोलींतून असें उघडलें.

त्या उन्हाळ्यांत टोकियोच्या ऑलिंपिक क्रीडांत ती सानियेबरोबर दुहेरी खेळली. युक्रेनच्या किचेनोक भगिनींवर दोघींनीं ६-०, ५-३ अशी आघाडी घेतली होती. सामना अखेर ६-०, ६-७, ८-१० असा गेला. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षींचा.

पुढें एकेरींतील क्रमांक उतरत गेला. देशासाठीं खेळावयाच्या संघांत मात्र तिचें नांव येत राहिलें, आणि हीच गोष्ट क्रमवारीच्या कोष्टकांत कोठेंही दिसत नाहीं. संघाच्या लढतींत तीन सामने असतात; दोन एकेरी झाले कीं बरोबरी असल्यास दुहेरीवर सगळें येऊन ठेपतें. अशा वेळीं तरुण आणि वरच्या क्रमांकाच्या मुलींपेक्षां, ज्या बाईनें शेंकडों परक्या गांवीं रिकाम्या खुर्च्यांपुढें सामने काढले आहेत, तिला पुढें करण्यांत कर्णधाराचा हिशोब असतो. एप्रिल २०२५ मध्यें बिली जीन किंग चषकाच्या आशियाई गटाचे सामने पुण्यांत, म्हाळुंगे-बालेवाडीच्या मैदानावर झाले. हा तोच फेड चषक. २०२० सालीं त्याचें नांव बदललें. दक्षिण कोरियाविरुद्धच्या लढतींत दोन्ही बाजूंचा एकेक सामना झाला होता आणि निवड-फेरीचें स्थान तिसऱ्यावर होतें. बत्तीस वर्षांची अंकिता बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिच्यासह दुहेरीस उतरली. चौदाव्या वर्षीं ज्या गांवीं ती शिकावयास आली होती त्याच गांवीं, यावेळीं खुर्च्या भरलेल्या असतांना, दोघींनीं तो सामना सरळ दोन डावांत जिंकला.