लडाखचं घर: हिवाळ्याची पुरेपूर तयारी

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. वर्षभरात पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. तरीही इथे माणसं शतकानुशतकं नांदताहेत. कशी? त्यांचं जुनं घर बघा!

🔸 भिंती: मातीच्या जाडजूड विटांच्या. दिवसा ऊन साठवतात, रात्री ऊब देतात.

🔸 तळमजला: गोठा. जनावरांच्या अंगची ऊब वरच्या खोल्यांना मिळते.

🔸 गच्ची: कडेने रचलेला चारा आणि सरपण. झाडं तुरळक, म्हणून चुलीत मुख्यतः गोवऱ्या.

🔸 साठवण: बटाटे, गाजरं, सलगम जमिनीतल्या खड्ड्यात, म्हणजे गोठत नाहीत. जोडीला सातूचं पीठ, वाळवलेले जर्दाळू आणि छुरपे. हे ताकापासून केलेलं चीज वाळून खड्यासारखं टणक होतं. थुक्पा या सूपात शिजलं की मऊ पडतं.

🔸 संडास: पाण्याचा थेंबही लागत नाही. मैल्यावर माती-राख टाकायची. पुढे त्याचंच खत शेतात जातं.

इथे टाकाऊ असं काही नसतंच!

लडाखला गेलात तर गावातल्या एखाद्या घरी राहा आणि कोरडा संडासच वापरा. तिथे पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा आहे.