मोगलीनें निरोप घेतला होता

तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या वाड्याच्या माजघरांत, भाड्यानें आणलेल्या व्हिडिओ यंत्रावर, आम्हीं दहाबारा भावंडांनीं एक रेखाचित्रांचा बोलपट पाहिला. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा १९६७ सालचा 'द जंगल बुक' तो हा. बालू अस्वलाचें तें डुलतडुलत नाचणें पाहून आम्ही इतके हंसलों कीं, देवघरांत जप करीत बसलेल्या आजीला माळ खालीं ठेवून आम्हांस दटावावें लागलें.

गेल्या महिन्यांत तोच चित्रपट मीं त्याच माजघरांत आठ वर्षांच्या पुतणीस शेजारीं घेऊन पुन्हां पाहिला. धाकट्या भावाची बदली बंगळूरला झाली आहे. जूनमध्यें तीं तिघेंहि जाणार. चित्रपट संपला तरी मुलगी हंसली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "काका, मोगलीनें बालूचा निरोप कां नाहीं घेतला?"

प्रश्न बरोबर होता. अखेरच्या प्रसंगीं पाणी भरावयास आलेल्या मुलीची घागर उचलून मोगली तिच्यामागून गांवांत शिरतो. क्षणभर वळतो, खांदे उडवून हंसतो, आणि दिसेनासा होतो. ज्यांनीं त्याला जपलें ते बालू आणि बघीरा गाणें म्हणत अरण्यांत परततात. लहानपणीं यांत मला कांहींच उणें वाटलें नव्हतें.

या हलकेपणाचें कारण चित्रपटाच्या जन्मकथेंत सांपडतें. बिल पीट या कथालेखकानें प्रथम केलेला आराखडा मूळ पुस्तकासारखा गंभीर होता. तो डिस्ने यांना रुचला नाहीं. पीट संस्था सोडून गेला, आणि पुढील लेखकास डिस्ने यांनीं मूळ पुस्तक न वाचण्याचाच सल्ला दिला! त्यांना हवीं होतीं तीं ठसठशीत पात्रें, विनोद आणि गाणीं. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वींच, डिसेंबर १९६६ मध्यें, ते वारले.

मग पात्रें पालटलीं यांत नवल काय? पुस्तकांत वानरांच्या तावडींतून मोगलीस सोडविणारा अजगर येथें खलपुरुष झाला. वानरांना राजा मिळाला, आणि तोहि ओरांगउटान, जो भारतांतील अरण्यांत आढळतच नाहीं. मूळ गोष्टींत तर वानरांना ना नायक, ना नियम, हाच त्यांचा दोष. पुस्तकांतील बालू म्हणजे अरण्याचा कायदा घोकून घेणारा आणि प्रसंगीं चापट मारणारा गुरुजी; पडद्यावर तो सुखासीन मामा बनला आहे. तरीहि चित्रपट टाकाऊ नव्हे. शेरखानाची ती संथ चाल आणि अदबीचें बोलणें पाहून मला आजहि शहारा आला. मोठ्यानें डरकाळणाऱ्या वाघापेक्षां हळू बोलणारा वाघ अधिक भयंकर, हें त्या चित्रकारांनीं अचूक जाणलें होतें.

परंतु पुतणीच्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांतच होतें. तीं दोन पुस्तकें १८९४ व १८९५ सालीं निघालीं. त्यांचा कर्ता रुडयार्ड किपलिंग १८६५ सालीं मुंबईस जन्मला. त्याचे वडील तेथील कलाशाळेंत शिक्षक होते. साम्राज्याविषयींचीं त्याचीं मतें आपणांस पटण्याजोगीं नाहींत, पण एका दुःखाची त्याला पुरती ओळख होती. सहावें वर्ष पुरें होण्याच्या सुमारास त्याला व धाकट्या बहिणीला इंग्लंडांत परक्यांच्या घरीं ठेवून आईबाप हिंदुस्थानांत परतले. तीं वर्षें त्यानें फार कष्टांत काढलीं. घर तुटणें म्हणजे काय, हें पुढें अमेरिकेंत बसून सिवनीच्या डोंगरांतील गोष्टी लिहितांना त्याला कल्पावें लागलें नसावें.

त्या रात्रीं पुस्तक काढून मीं पुतणीस पहिली गोष्ट मराठींत सांगितली. कळपांतून जावें लागतें तेव्हां मोगलीच्या डोळ्यांतून पाणी येतें. तें काय आहे हें त्याला कळत नाहीं. आपण मरत तर नाहींना, असें तो बघीराला विचारतो. हे केवळ अश्रु आहेत, असें बघीरा समजावतो. मग मोगली म्हणतो, आधीं आईचा निरोप घेतला पाहिजे. आणि लांडगीच्या कुशींत तोंड खुपसून तो पोटभर रडतो. तिचीं पिल्लेंहि रडतात, आणि टेकडीच्या पायथ्याशीं ये, आम्ही रात्रीं शेतांत तुझ्याशीं खेळूं, असें वचन देतात.

"मग तो परत येतो?"

"येतो."

वाचकहो, मुलांना चित्रपट अवश्य दाखवावा. पण त्याच रात्रीं पुस्तकहि वाचून दाखवावें. मुलांना दुःखापासून दूर ठेवावें असें आपणांस वाटतें. त्यांना मात्र दुःख कसें करावें हें कोणी सांगावें असें वाटत असतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमची पुतणी वहींत कांहीं लिहीत बसली होती. डोकावून पाहिलें तों ती यादी होती: आजी, मोठे काका, झोपाळा, तुळशीवृंदावन, विहीर. शेवटीं माझें नांव होतें, आणि त्यापुढें लिहिलें होतें, 'यांच्यासाठीं जास्त वेळ.'