अवघड जागेचं दुखणं : मार किरकोळ, पण कळ थांबत नाही; मग काय कराल?

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत सांगतो. पण कबड्डीत गुडघा बसला, धार काढताना म्हशीची लाथ लागली किंवा खड्ड्यात गाडी आदळून टाकीवर आपटलं, की हसू पळून जातं. बहुतेक वेळा ही कळ तासाभरात ओसरते. काहींना मात्र ती आठवडे-महिने सोडत नाही, आणि लाजेपोटी घरात कुणाला सांगताही येत नाही.

थांबू नका, अशी लक्षणं

तासाभरानंतरही जोराची कळ, मळमळ-उलटी, एक अंडकोष वर ओढल्यासारखा वाटणं, वाढती सूज, काळीनिळी कातडी किंवा लघवीतून रक्त. यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. अंडकोषाला पीळ पडला तर त्याचा रक्तपुरवठा बंद होतो. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर तो वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. १२ ते १८ वयाच्या मुलांत हे जास्त आढळतं. ‘मार लागलाय, दुखणारच’ म्हणत वेळ जातो. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि सर्जन असलेल्या रुग्णालयात जा. मुलं लाजून ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतात. आईवडिलांनी स्पष्ट विचारावं.

घरी काय करायचं?

मार साधा असेल तर दोन दिवस आराम करा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवा. लंगोट किंवा घट्ट अंडरवेअरचा आधार द्या. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालते. ताज्या माराला गरम शेक देऊ नका, तेल लावून चोळू नका, सूज वाढते.

दुखणं रेंगाळलं तर

आठवडाभरात उतार नसेल तर तपासून घ्या. कारण दरवेळी मारच असतो असं नाही. जंतुसंसर्ग, फुगलेल्या शिरा, हर्निया, मूतखडा यांची कळही तिथे येते. सोनोग्राफीत बरंच कळतं. टणक गाठ लागली, मग ती दुखत नसली तरी, दाखवाच. मारामुळे कॅन्सर होत नाही. पण आधीपासूनची गाठ कधीकधी मार लागल्यावरच हाताला लागते.

तपासण्या नीट आल्या तरी दुखणं खोटं नसतं. दुखावलेली नस किंवा ओटीपोटाखालचे आखडलेले स्नायू कळ जागी ठेवतात. तीन महिन्यांवर गेलेल्या दुखण्याला नसांची औषधं, व्यायाम, गरज पडल्यास नस बधिर करणारं इंजेक्शन देतात. आराम पडायला आठवडे लागू शकतात, गोळ्या मध्येच सोडू नका. सारखं दाबून बघू नका, त्यानेही दुखतं. बसून काम असेल तर अधूनमधून उठा. लांबचा दुचाकी प्रवास काही दिवस टाळा.

‘आता मूल होईल का?’ ही भीती अनेकांना खाते. किरकोळ माराने सहसा काही बिघडत नाही, आणि एक अंडकोष चांगला असला तरी बहुतेकांना मूल होतं. लाज एका दिवसाची असते, दुखणं अंगावर काढलं तर नुकसान कायमचं होऊ शकतं.